उसाच्या फडात जन्मलेलं पिल्लू

ऊसतोड लागली की आपल्या शहाद्याच्या शिवारात ही हाक कधी ना कधी उठतेच. कोयते चालू असतात, पाचट खरखरत असतं, मोळ्या बांधून ट्रॅक्टरकडे चाललेल्या असतात आणि मधूनच कुणीतरी ओरडतं, "वाघ वना रे, वाघ वना!" म्हणजे वाघ आला. घडीभरात सगळी टोळी फडाबाहेर येते. बाया आधी बांधावर निजवलेली लेकरं उचलतात, मग मागे वळून बघतात.

"आबा, वाघ की बिबट्या?"

बरोबर विचारलंस, माय. आपल्याकडे दोघांनाही वाघच म्हणतात. पट्ट्यांचा वाघ निराळा. हा ठिपक्यांचा, म्हणजे बिबट्या. ठिपके तरी कसे? नीट बघितलंस तर ते ठिपके नाहीतच, चार-पाच काळ्या डागांनी धरलेलं गोल रिंगण असतं आणि आत पिवळसर तपकिरी रंग. अशी शेकडो रिंगणं अंगभर. एका बिबट्याची नक्षी दुसऱ्याशी जुळत नाही. त्याच्या स्वतःच्या डाव्या कुशीवरची उजव्या कुशीशीसुद्धा जुळत नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आज एका मादीची गोष्ट सांगतो. ही एकच कुठली मादी नाही. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांच्या मागावर राहून जे पाहिलं, मोजलं, ते या एकीच्या गोष्टीत गुंफून सांगतो.

आधी तिचं घर बघू. आपल्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. मधून गोमाई वाहते आणि प्रकाशाला तापीला मिळते. पूर्वी हा बराचसा मुलूख ज्वारी-बाजरीचा, कापसाचा. ज्वारी कापली की शिवार उघडं पडायचं, एका बांधावरून चौथा बांध दिसायचा. मग पुरुषोत्तमनगरला पी. के. अण्णा पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, विहिरी आणि बोअर झाल्या, पुढे सारंगखेड्याला आणि प्रकाशाला बॅरेज बांधून तापीचं पाणी अडवलं. ऊस आला, केळी आली, पपई आली. घराघरात पैसा आला, मुलं शिकली. हे चांगलंच झालं, त्यात वाईट काही नाही. पण जमिनीवर जे उभं राहतं त्याच्या सावलीला कोण येऊन बसेल, हे आपण ठरवत नसतो.

सुरूचा ऊस वर्षभर शेतात उभा असतो. आडसाली तर १६ ते १८ महिने. एकदा ऊस दाटला की आत माणूस शिरत नाही, पाणीसुद्धा बाहेरूनच सरीत सोडायचं. आत गारवा, ओल, पाचटाचं अंथरूण. रानडुक्कर, घुशी, ससे, रानमांजर, सगळे आत. आणि फडाच्या कडेला वस्ती, वस्तीवर शेळ्या, कोंबड्या, कुत्री. बिबट्याला जगायला तीन गोष्टी लागतात: दडायला आडोसा, प्यायला पाणी, खायला शिकार. झाडंच हवीत, डोंगरच हवा, असा त्याचा हट्ट नाही.

आपल्या गोष्टीतली मादी अशाच एका फडात व्याली. तीन-साडेतीन महिने पोटात वाढलेली दोन पिल्लं. जन्मली तेव्हा डोळे मिटलेले, ते आठ-दहा दिवसांनी उघडले. तोवर तिने त्यांना मानेला धरून दोनदा जागा बदलली होती, कारण एकाच जागी राहिलं की वास साचतो आणि कुत्री माग काढतात. रात्री ती शिकारीला जायची तेव्हा पिल्लं तिथेच, आवाज न करता पडून राहायची. मोठी झाल्यावर तिच्यामागे चालू लागली. बिबट्याच्या शेपटीची खालची बाजू पांढरी असते. आई शेपूट वर वळवून चालते आणि अंधारात पिल्लांना तो पांढरा पट्टा दिसत राहतो. दीड-दोन वर्षं ती आईजवळ राहतात. तेवढ्या काळात कुत्रं कसं धरायचं, माणसाची चाहूल लागली की कसं सरकायचं, ट्रॅक्टरचा आवाज आणि पाणी सोडायला आलेल्या माणसाचा आवाज यांत फरक काय, सगळं शिकतात.

"पण आबा, गुरुजी म्हणाले, जंगल तोडलं म्हणून बिबटे खाली आले."

त्यात खोटं काही नाही, पण पूर्ण खरंही नाही. सातपुड्यातलं रान विरळ झालं, सांबर, भेकर कमी झाले, हे आपण डोळ्यांनी बघतो. कुणा एका बिबट्याची आजी-पणजी डोंगर उतरून आलीही असेल. पण या पिल्लाने तोरणमाळ पाहिलेलं नाही. याच्या आईनेही पाहिलेलं नाही. उसाची सरी, पाटाचं पाणी, मोटारीचं घरघरणं, हेच त्याचं रान. त्याला 'परत जंगलात' सोडा म्हणजे नक्की कुठे सोडा?

हे मी मनाने सांगत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, प्रवरेच्या काठी अकोले तालुका आहे. तिथेही ऊस, तिथेही दाट वस्ती. विद्या अत्रेय नावाच्या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथल्या शेतवाटांवर, ओढ्यांच्या कडेला आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. अंधारात कुणी समोरून गेलं की खटकन् चित्र उमटतं. आता ती रिंगणांची गोष्ट आठव. प्रत्येकाची नक्षी वेगळी, म्हणून फोटो शेजारी ठेवून कोण कोणता ते ओळखता येतं आणि मोजता येतं. २०१३ साली त्यांनी ते छापलं. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ मोठे बिबटे. आणि माणसं? दर चौरस किलोमीटरला १७९ ते ३५७. एवढ्या माणसांत एवढे बिबटे राहत होते आणि माणसांवर हल्ला ही तिथे क्वचितची गोष्ट होती.

ते खात काय होते? शास्त्रज्ञांनी विष्ठा गोळा केली, धुतली, त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के अन्न पाळीव आणि गावातल्या जनावरांचं निघालं. त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या ११ टक्क्यांच्या आसपास. आता कुत्री वाढतात कशावर? आपण टाकलेल्या उष्ट्यावर, कोंबड्यांच्या दुकानामागच्या घाणीवर, ओढ्यात फेकलेल्या मेलेल्या ढोरावर. गावाबाहेरचा उकिरडा कुत्री पोसतो आणि कुत्री बिबट्या पोसतात. उकिरडा उघडा ठेवून बिबट्या नको म्हणणं जमायचं नाही.

"इतके जवळ राहतात, तर मग दिसत कसे नाहीत?"

दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं रे भाऊ. आपल्याच शहाद्याची एक गोष्ट आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो पक्षी कुणाला खात्रीने सापडला नाही. जगाने तो संपला असं धरलं. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे अमेरिकेहून शोध घेत आले आणि शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, दिवसाउजेडी तो झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! आणि हा पिंगळा दिवसा हिंडणारा आहे. दिवसा हिंडणाऱ्या पाखराची ही कथा, तर रात्री हिंडणाऱ्या आणि लपण्यातच ज्याची हयात जाते त्या बिबट्याचं काय सांगावं!

त्याची रात्र कशी असते तेही कळलं आहे. काही बिबट्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घालून त्यांचा दिवसरात्र माग ठेवला. अशा मुलखात ठाण मांडून राहिलेल्यांचा वावर अवघा ८ ते १५ चौरस किलोमीटरांचा निघाला. जिथे शिकार विरळ असते तिथे याच्या कितीतरी पट फिरावं लागतं. इथे अन्न दाराशी, मग दूर जायचं कशाला? दिवसभर ते उसात पडून राहत, माणसांपासून लांब. रात्री मात्र घरांपासून २५ मीटरच्या आतसुद्धा येऊन जात. म्हणजे आपण गाढ झोपलेलो असतो तेव्हा तो गोठ्यामागून निघून जातो, आणि सकाळी ओल्या मातीत फक्त पाऊल राहतं.

ते पाऊल वाचायला शिका. चार बोटं आणि मागे एक मोठी गादी, गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. नखांची खूण नाही, कारण बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या, तरसाच्या पावलात नखं उमटतात. तरसाचं पाऊल बघून निम्मी गावं बिबट्या म्हणून जागी राहतात. आवाजही ओळखा: हा डरकाळी फोडत नाही, करवतीने लाकूड कापल्यासारखा घर्र-घुर्र, घर्र-घुर्र असा आवाज लागोपाठ येतो. आणि बॅटरीच्या झोतात डोळे चमकतात ते भुताटकीने नव्हे. त्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. आत गेलेला उजेड पडद्यावरून दुसऱ्यांदा जातो, म्हणून चांदण्यातसुद्धा त्याला दिसतं.

आता जड भाग सांगतो. तुम्ही लहान आहात, पण हे ऐकायला हवं.

बिबट्या माणूस मारतो. आपल्या जिल्ह्यात, तळोद्याकडे गेल्या काही वर्षांत माणसं गेली आहेत, लेकरंही गेली आहेत. ज्या आईचं लेकरू गेलं तिच्या दारात जाऊन कुणी निसर्गाचा समतोल सांगू नये. ती म्हणते पिंजरा लावा, तर तिचं म्हणणं खाली मान घालून ऐकावं. पण ऐकून झाल्यावर, पुढचं लेकरू वाचायचं असेल तर काय केलं पाहिजे, याचा विचार थंड डोक्याने करावा लागतो. कारण पिंजऱ्याचा रस्ता महाराष्ट्राने एकदा चालून पाहिला आहे.

पुणे जिल्ह्यात जुन्नर आहे. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबटे वाढले. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग २००१ पासून बिबटे पकडायचे आणि लांब जंगलात नेऊन सोडायचे, असं मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. गावांनी टाळ्या वाजवल्या. पुढची दोन-तीन वर्षं हल्ले किती झाले असतील? वर्षाला सरासरी १७.

"वाढले? पण पकडले होते ना?"

पकडले होते, म्हणूनच तर. हे नीट समजून घ्या, कारण डोक्याला पटत नाही असंच हे आहे. पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या गजांना धडका देतो, सुळे मोडतो, नखं उखडतात. त्याच्याभोवती शेकडो माणसं ओरडत असतात. आजवर तो माणसाला टाळत आला, आता पहिल्यांदाच माणूस त्याच्या अंगावर आला. मग त्याला अनोळखी मुलखात सोडतात. तिथे पाणी कुठे, दडायला जागा कुठे, वस्ती कुठे, काही ठाऊक नाही, आणि तिथला मूळ मालक बिबट्या त्याला थारा देत नाही. तो निघतो परत घराकडे, वाटेत माणसांची गावं. आणि इकडे त्याची मोकळी झालेली जागा? ती महिन्या-दोन महिन्यांत दुसरा पटकावतो, बहुधा तरणा, हद्द शोधत भटकणारा नर, ज्याला या शिवाराची रीत माहीत नाही. जुना होता तो तुमच्या वेळा ओळखत होता. नवा ओळखत नाही.

यात आपला खानदेशही सापडला. जुन्नरकडे पकडलेले काही बिबटे आपल्याच सातपुड्यात, जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात आणून सोडले होते. त्यानंतर तिकडच्या गावांतही माणसांवर हल्ले झाले. एका तालुक्याचं दुखणं उचलून दुसऱ्या तालुक्याच्या पदरात टाकलं गेलं. मला वाटतं, आजही कुणी पुढारी 'पकडून लांब सोडू' म्हणाला, तर त्याला पहिला प्रश्न हा विचारावा: कुणाच्या दारात सोडणार?

परत फिरणाऱ्यांत एक नावाजलेला होता. २००९ च्या एप्रिलात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक मोठा नर विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढलं. शांत स्वभावाचा, वयस्क वाटला, म्हणून विद्या अत्रेयांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. (हसा, हसा!) गळ्यात पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. आजोबांनी थोडं इकडेतिकडे पाहिलं आणि चालायला लागले, पश्चिमेकडे. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, नाशिकचा महामार्ग ओलांडला, तुंगारेश्वरच्या रानातून वसईकडे उतरले आणि वसईची खाडी पोहून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचले. महिन्याच्या आत सुमारे १२० किलोमीटर. तो मुळातला तिकडचाच असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. वाटेत गावं, कारखाने, स्टेशनं, लाखो माणसं. एकाही माणसाला त्याने ओरखडा काढला नाही, आणि त्याला चालताना जवळजवळ कुणी पाहिलंही नाही. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. २०१४ साली सुजय डहाकेंनी त्याच्यावर 'आजोबा' नावाचा सिनेमाही काढला.

"मग पिंजरा कधीच लावायचा नाही?"

लावायचा. जो बिबट्या पुनःपुन्हा माणसावर जातो, त्याला शिवारात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही, माणसाच्या जिवाला धोकादायक झालेल्या जनावराला पकडायची, वेळ आली तर मारायचीही परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांना देता येते. पण तोच बिबट्या हवा. पाऊल, कॅमेरा, नक्षी, सगळं तपासून, आणि लवकर. कुणीतरी एक पकडला की गावाला वाटतं सुटलो, पोरं पुन्हा अंधारात खेळू लागतात. खरा तो बाहेरच असेल तर मग काय होतं, हे मी सांगायला नको.

बरेच हल्ले होतात कसे, तेही बघ. उभा माणूस बिबट्याला शिकार वाटत नाही. दोन पायांवर चालणारं उंच काहीतरी, त्याला तो बिचकतो. पण वाकून गवत कापणारी बाई, परसाकडे बसलेला माणूस, अंगणात खाली बसून खेळणारं पोर, यांची उंची शेळी-कुत्र्याएवढी होते, आणि अंधुक प्रकाशात फसगत होते. म्हणून सांजवेळी लहानांना एकटं सोडायचं नाही, शाळेत घोळक्याने जायचं, लहानगे मध्ये. वाटेने बोलत चालायचं, मोबाइलवर गाणं लावायचं. चाहूल लागली की बिबट्या स्वतःच बाजूला होतो. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, हात वर करून मोठं दिसायचं, ओरडत सावकाश मागे सरकायचं. आणि सगळ्यात जपायला हवं ते ऊसतोडीच्या टोळ्यांना. तीच आपली धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं, फडाच्या कडेला चटईच्या आणि प्लास्टिकच्या झोपड्यांत राहतात. दार नाही, दिवा नाही, संडास नाही, लेकरं जमिनीवर निजलेली. बिबट्याच्या तोंडाशी आपणच त्यांना नेऊन बसवतो. टोळी आणतो त्याने झोपडीला दार आणि दिवा द्यायलाच हवा. यात कुणाच्या दयेचा प्रश्न नाही, तो त्यांचा हक्क आहे.

शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनी जाळीचा हवा आणि वरूनही बंद. बिबट्या सहज भिंत चढतो, पत्र्यातल्या फटीतून आत उतरतो, आणि आत शेळ्या बिथरून पळू लागल्या की एक मारून थांबत नाही. एकाच रात्रीत दहा-बारा शेळ्या गेल्या की घराचं वर्ष बुडतं. तरीही जनावर गेलंच तर मढं हलवायचं नाही, ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, भरपाई मिळते. काहीजण चिडून मढ्यावर विष टाकतात. त्याने गावातली कुत्री, गिधाडं, घारी मरतात आणि भरपाईही जाते. माणूस गेला तर सरकार आता २५ लाख रुपये देतं. माणसाची किंमत होत नाही, पण मागे उरलेल्यांची चूल पेटली पाहिजे. वनखात्याचा फुकट नंबर १९२६. पाठ करा.

एक गोष्ट मात्र गावालाच करावी लागेल: गर्दी आवरणं. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडतो, कुत्र्यामागे धावता धावता. बातमी लागते, चार गावं लोटतात, मोबाइल वर, दगड हातात. वनखात्याचे लोक बाज नाहीतर शिडी दोरांनी बांधून आत सोडतात. एकांत मिळाला तर रात्री तो आपला आपण चढून निघून जातो. पण काठावर हजार माणसं असतील तर चढलेला बिबट्या जाईल कुठून? मग तो माणसांतून वाट काढतो आणि पाच-दहा जण रक्तबंबाळ होतात. त्यातल्या पुष्कळ जखमांना बिबट्यापेक्षा आपली हौस जबाबदार असते. विहिरीला कठडा बांधा, आणि पडलाच तर पोलिसांना बोलावून माणसं हटवा.

"आणि फडात पिल्लं सापडली तर? आई टाकून गेली असेल ना?"

टाकून गेलेली नसते, माय. ती दिवसा जवळपासच असते, कोयते वाजले म्हणून दूर सरकलेली. पिल्लं उचलून घरी आणली, कडेवर घेऊन फोटो काढले, की ती सैरभैर होते, आणि पिल्लं शोधणाऱ्या मादीइतकी धोक्याची दुसरी कुणी नाही. म्हणून त्या बाजूची तोड थांबवायची, १९२६ ला फोन लावायचा. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथल्या डॉक्टरांनी आणि वनखात्याने अशी पुष्कळ पिल्लं तपासून, संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवून, लांबून कॅमेऱ्याने पाहिली आहेत. बहुतेकदा आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरते आणि नेते. दुसऱ्या दिवशी ती त्या फडात नसते. तोडही चालू होते. फड तोडतानाही एका बाजूने तोडत जावं, चारी बाजूंनी कोंडत आणू नये. शेवटचा पट्टा ओढ्याच्या किंवा दुसऱ्या उसाच्या बाजूला राहिला तर आतल्या जनावराला निघायला वाट राहते.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांवर वाघदेव पूजतात, तुम्ही पाहिलं आहे. ती माणसं वाघाला भीत नाहीत असं नाही. भितात, म्हणूनच मान देतात, आणि मान देतात म्हणून रात्रीच्या वाटेला एकटे जात नाहीत, ढोरं बांधल्याशिवाय निजत नाहीत. आपण खाली उतरलो, ऊस लावला आणि ती सावधपणाची सवय वरच ठेवून आलो. बिबट्या मात्र आपल्याबरोबर आला.

देशात २०२२ च्या मोजणीत १३,८७४ बिबटे धरले, महाराष्ट्रात १,९८५. ही मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलांतली. उसातले आपले त्यात नाहीत. म्हणजे ज्यांच्याशी आपली रोज गाठ, तेच हिशेबाबाहेर. आपल्या शिवारातही अकोले तालुक्यासारखे कॅमेरे लागायला हवेत, कुठे किती माद्या, कुठे पिल्लं, कोणत्या वाटा, हे गावाला माहीत हवं. शाळेतली मोठी मुलं हे काम शिकू शकतात.

पण सगळ्यात आधी मला हवी आहे ती दिवसाची वीज. शेतीला वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की तुमचा काका थंडीत, हातात बॅटरी घेऊन, एकटा, वाकून बारं धरतो, उसाच्या ऐन कडेला. बिबट्या जागा असतो त्याच वेळी, तो वावरतो त्याच जागी. दोघांचीही यात चूक नाही. वेळापत्रकाची आहे, आणि वेळापत्रक बदलता येतं. सूर्याच्या विजेवर गावाचं फीडर दिवसा चालवायची सरकारची योजना २०१७ पासून आहे. सौर पंपही मिळू लागले आहेत. जिथे ऊस दाट आणि बिबटे जास्त, त्या गावांचा नंबर त्यात पहिला लागला पाहिजे. शंभर पिंजऱ्यांनी जे होणार नाही ते याने होईल, असं माझं ठाम मत आहे.

उठ माय, वही आण. ग्रामसभेत ठेवायला अर्ज लिहायचा आहे. मायना मी सांगतो, अक्षर तुझं चांगलं आहे. वर तारीख घाल. मग पहिली ओळ: आमच्या शिवारात ऊस आहे, उसात बिबट्या आहे, आणि आमची पाण्याची पाळी रात्री दोन वाजता आहे. लिहिलंस? आता खाली गावातल्या ज्या ज्या घरातून रात्री माणूस पाण्याला जातो, त्या प्रत्येक घराची सही घ्यायची आहे. उद्या सकाळी आपण खालच्या गल्लीपासून सुरुवात करू.